आरशाचे कुसळ आणि बर्फाचे काळीज : अँडरसनची ‘हिमराणी’ आणि डिस्नेचा ‘फ्रोझन’

मृगशीर्ष

‘फ्रोझन’ हा चित्रपट डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या ‘हिमराणी’ या गोष्टीवरून सुचला, असे त्याच्या श्रेयनामावलीतच म्हटले आहे. पण चित्रपट पाहून मूळ गोष्ट हाती घेणाऱ्याला तिच्यात एल्सा भेटत नाही, आना भेटत नाही, राज्याभिषेक नाही आणि दोन बहिणी तर नाहीतच. त्यामुळे दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे म्हणून बरेच जण हा विषय मिटवून टाकतात. गेले काही आठवडे मी दोन्ही शेजारी ठेवून वाचते-पाहते आहे आणि माझे मत याच्या उलट झाले आहे. दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: माणसाच्या काळजात गारठा येतो कुठून? या प्रश्नाची दोघांनी दिलेली उत्तरे मात्र अगदी परस्परविरुद्ध आहेत आणि त्यांविषयीच हा धागा आहे.

ज्यांनी गोष्ट वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आरंभ जरा सविस्तर सांगते. ही गोष्ट २१ डिसेंबर १८४४ रोजी कोपनहेगनमध्ये प्रसिद्ध झाली. तिचे सात भाग आहेत आणि पहिल्या भागात मुले नाहीत, राणी नाही, फक्त एक आरसा आहे. सैतानाने तो असा घडवला आहे की त्यात चांगले ते आक्रसून नाहीसे व्हावे आणि वाईट तेवढे फुगून दिसावे. सुंदर निसर्गदृश्य त्यात शिजवलेल्या पालकासारखे दिसते आणि चेहऱ्यावरचा एखादा ठिपका नाका-तोंडावर पसरतो. सैतानाचे चेले तो आरसा घेऊन देवाची आणि देवदूतांची थट्टा करायला आकाशात चढतात. वर जाता जाता आरसा स्वतःच्याच विकट हसण्याने थरथरू लागतो, हातातून निसटतो आणि खाली पडून त्याचे कोट्यवधी तुकडे होतात. ज्याच्या डोळ्यात कण जातो त्याला जगातले फक्त व्यंग दिसू लागते आणि ज्याच्या काळजात जातो त्याच्या काळजाचा बर्फाचा गोळा होतो. काही मोठे तुकडे लोक खिडक्यांच्या तावदानांना बसवतात, काहींचे चष्मे करतात. आपण मराठीत दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ असे म्हणतो. इथे कुसळच असे आहे की ते डोळ्यात गेल्यावर साऱ्या जगात कुसळेच दिसतात.

काई आणि गेर्डा ही शेजारच्या दोन गरीब घरांतली मुले. दोन्ही घरांच्या पन्हाळीवर लाकडी पेट्यांत गुलाब लावलेले आहेत. हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर हिम गोठले, की मुले तांब्याचे नाणे चुलीवर तापवून काचेला लावतात आणि त्या गोल भोकातून एकमेकांकडे पाहतात. हे नाणे मला विसरता येत नाही, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीचा आराखडाच त्यात आहे.

एके दिवशी काईच्या डोळ्यात आणि काळजात आरशाचे कण जातात. त्यानंतरचा काई दुष्ट होत नाही, हुशार होतो. तो आजीचा चष्मा लावून तिची हुबेहूब नक्कल करतो आणि लोक म्हणतात, काय डोकेबाज पोरगा आहे! तो भिंगातून हिमकण पाहतो आणि गेर्डाला सांगतो की खऱ्या फुलांपेक्षा हे किती तरी सरस आहेत, यांच्यात एकही दोष नाही, फक्त ते वितळता कामा नयेत. हिमराणी त्याला आपल्या बर्फगाडीतून पळवून नेते, तेव्हा घाबरून तो प्रार्थना म्हणू पाहतो आणि त्याला आठवतात फक्त पाढे. अँडरसनच्या मते गारठा येतो तो बाहेरून, एका पाहण्याच्या पद्धतीतून, निर्दोषपणाच्या मोहातून, हे इथे स्पष्ट होते. काईला आपण आजारी आहोत हे कळतच नाही, आपल्याला आता नीट दिसू लागले असेच त्याला वाटते.

आता चित्रपटाकडे वळू. क्रिस बक आणि जेनिफर ली यांनी दिग्दर्शित केलेल्या, २०१३ साली आलेल्या या चित्रपटात आरसा नाही. एल्साला बर्फ निर्माण करण्याची शक्ती जन्मतःच आहे. लहानपणी खेळताना तिच्या हातून धाकट्या बहिणीला, आनाला, इजा होते आणि त्या दिवसापासून दार बंद, हातात मोजे आणि काही वाटले तरी वाटू द्यायचे नाही, ही वडिलांची शिकवण. इथे गारठा भीतीतून वाढतो. तो आतला आहे आणि जितका दाबावा तितका घट्ट होतो. मसुद्याच्या आधीच्या टप्प्यांत एल्सा खलनायिका होती. क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ यांनी तिच्यासाठी ‘लेट इट गो’ हे गाणे लिहिले, ते ऐकल्यावर ही मुलगी खलनायिका असू शकत नाही असे करणाऱ्यांच्या लक्षात आले आणि कथा त्यानुसार पुन्हा बांधली गेली, हे सर्वश्रुत आहे.

त्या गाण्यात एल्सा आपल्या महालाच्या स्फटिकासारख्या भौमितिक नक्षीचे वर्णन करते आणि त्यात ‘फ्रॅक्टल’ हा गणिती शब्द येतो. भिंगातून हिमकण पाहणारा काई ज्या सौंदर्यावर भाळला, तेच हे सौंदर्य आहे. अँडरसनने त्याला रोगाचे लक्षण मानले आणि चित्रपटाने त्याला मुक्तीचा क्षण केले. त्याच गाण्यात एल्सा आपल्यातली ती ‘निर्दोष मुलगी’ टाकून देते, म्हणजे निर्दोषपणाविषयीचा संशय चित्रपटालाही आहे. मग ती स्वतःभोवती जो महाल उभारते तो इतका निर्दोष का आहे? माझ्या मते चित्रपटाला हा विरोध जाणवला होता, कारण त्याच महालात, आना तिला भेटायला आल्यावर, एल्साच्या हातून बहिणीच्या काळजात बर्फ जातो. पण गाण्याची मोहिनी एवढी मोठी ठरली की जगाने गाणे लक्षात ठेवले आणि त्यानंतरचा प्रसंग विसरून टाकला.

माझी खरी तक्रार मात्र गेर्डाविषयी आहे. मूळ गोष्ट तिची आहे. हिमराणी सात भागांपैकी फक्त दोन भागांत प्रत्यक्ष दिसते, बाकीची गोष्ट एका लहान मुलीच्या चालण्याची आहे. तिच्याजवळ शक्ती नाही, घोडा नाही, सुरुवातीलाच नदीला देऊन टाकल्यामुळे लाल बूटही नाहीत. अगदी उत्तरेला फिनमार्कमध्ये राहणाऱ्या फिन बाईकडे तिला घेऊन आलेला रेनडिअर विनवणी करतो, की हिला बारा पुरुषांचे बळ येईल असे काही प्यायला दे. ती बाई म्हणते, की हिच्याजवळ आहे त्याहून मोठी शक्ती मी देऊ शकत नाही. माणसे आणि जनावरे हिच्या कामी कशी येतात आणि अनवाणी पायांनी ही केवढी दूर आली, हे तुला दिसत नाही का? त्या पुढची सूचना मला फार मोलाची वाटते: आपल्याजवळ शक्ती आहे हे तिला आपण सांगता कामा नये.

चित्रपटाने हा तोल बदलला. ज्याच्याजवळ शक्ती आहे तेच पात्र केंद्रस्थानी आले. आनामध्ये गेर्डाचा अंश आहे, ती डोंगर चढते आणि बहिणीसाठी जीव देते, हे मी मान्य करते. पण तिचा प्रवास दोन दिवसांचा आहे आणि गेर्डाचा इतका लांबचा, की घरी परत आल्यावर दारातून आत शिरताना त्या दोघांच्या लक्षात येते की आपण मोठे झालो आहोत. तुम्हाला या अदलाबदलीविषयी काय वाटते, हे जाणून घ्यायला आवडेल.

पाणपोई

लेख दोनदा वाचला. गेर्डाविषयी तुम्ही लिहिले त्यातला शब्द न् शब्द पटला, तरीही मी एल्साच्या बाजूने लिहिणार आहे.

माझ्या भाचीला सहाव्या वर्षी हातांवर कोड आले. घरातल्या सगळ्यांचे तिच्यावर जीवापाड प्रेम आहे आणि त्या प्रेमापोटीच सगळ्यांनी तिला लांब बाह्यांचे कपडे शिवले. पाहुणे आले की ती न सांगता हात फ्रॉकच्या खिशात घालायची. तिला कोणी रागावले नव्हते, कोणी हिणवले नव्हते. फक्त हात झाकायचे असतात एवढे तिला कळले होते. ‘फ्रोझन’ लागला तेव्हा एल्साचे वडील तिच्या हातात मोजे चढवतात त्या प्रसंगी ती माझ्या मांडीवरून उठून पडद्याजवळ गेली आणि सबंध प्रसंग तिथे उभी राहून पाहिला. नंतर तिने मला विचारले, “मावशी, तिच्या बाबांना ती आवडत नव्हती का?” मी म्हणाले, आवडत होती. ती म्हणाली, “मग?”

त्या ‘मग?’चे उत्तर अँडरसनच्या गोष्टीत नाही. तिथे गारठा सैतानाने पाठवला आहे आणि चांगली माणसे चांगलीच आहेत. प्रेमानेच एखाद्या मुलाच्या काळजात बर्फ घातला जाऊ शकतो, हे सांगायला चित्रपटाला आई-वडील लागले, बंद दार लागले आणि ते मोजे लागले. काईला आपण आजारी आहोत हे कळत नाही, असे तुम्ही म्हणता. एल्साला ते कळते, दिवसरात्र कळते आणि तेच तिचे दुःख आहे. अशा मुलांना काईची गोष्ट सांगून उपयोग नाही, कारण त्यांच्या डोळ्यात कुसळ गेलेले नाही, इतरांच्या डोळ्यात गेलेले आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या गोष्टीने हिमराणीला चेहरा दिला, सौंदर्य दिले, पण मन दिले नाही. ती एक थंडगार, गोरीपान, निर्विकार बाई आहे. चित्रपटाने तिला मन दिले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

चौकट

मी गेली बारा वर्षे अ‍ॅनिमेशनमध्ये काम करतो, त्यामुळे मृगशीर्ष यांनी उल्लेखलेल्या भिंगाच्या प्रसंगाविषयी तांत्रिक अंगाने थोडे लिहितो.

अँडरसनने काईला भिंगातून जो हिमकण दाखवला आहे तो दहा टोकांच्या ताऱ्यासारखा आहे. निसर्गातला हिमकण षट्कोनी असतो, कारण पाण्याचे रेणू गोठताना षट्कोनी जाळीत बसतात. सहा हातांचा किंवा क्वचित बारा हातांचा कण सापडतो, दहा हातांचा सापडत नाही. म्हणजे ज्या कणात एकही दोष नाही असे काई म्हणतो, तो कणच चुकीचा आहे. अँडरसनने हे जाणूनबुजून केले असे मी म्हणणार नाही, पण वाचताना मला फार गंमत वाटली.

चित्रपटाच्या चमूने मात्र कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ केनेथ लिब्रेख्त यांना बोलावून हिमकण कसे वाढतात हे समजून घेतले आणि चित्रपटासाठी सुमारे २००० निरनिराळ्या आकारांचे हिमकण तयार केले. पायाखाली दबणारा, ढेकळासारखा फुटणारा आणि पुन्हा चिकटणारा बर्फ दाखवण्यासाठी गणितज्ञांच्या मदतीने एक वेगळी प्रणाली लिहिली गेली. बर्फ हा आमच्या धंद्यात अवघड पदार्थ समजला जातो, कारण तो ना धड घन असतो ना धड द्रव. वाळूचे गणित लावले तर तो भुरभुरतो आणि पाण्याचे लावले तर वाहून जातो. गाण्याच्या शेवटी एल्सा सज्जात येते त्या दृश्यात एकेका फ्रेमची गणना पूर्ण व्हायला संगणकांना ३० तासांहून अधिक वेळ लागत होता.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की एल्साचा महाल इतका निर्दोष का, या प्रश्नाचा एक भाग आमच्या माध्यमात आहे. संगणकाला निर्दोषपणा सहज जमतो. सममिती त्याला फुकट मिळते, ओबडधोबडपणा हाताने घालावा लागतो. गेर्डाची अनवाणी, ठेचाळलेली पावले दाखवणे आमच्यासाठी बर्फाच्या महालापेक्षा कमी खर्चाचे असेल, पण अधिक कठीण आहे, कारण त्या पावलांत पाहणाऱ्याला थकवा जाणवला पाहिजे. मोठ्या पडद्याला महाल हवा असतो. त्यामुळे महालात राहणारी राणी केंद्रस्थानी येणे हे काही अंशी माध्यमाच्या ओढीमुळे घडले, असे माझे प्रामाणिक मत आहे.

उत्तरवारा

मी नऊ वर्षांपासून डेन्मार्कमध्ये ऑरहूस येथे राहते. मुलगी इथल्या शाळेत जाते, त्यामुळे ‘हिमराणी’ मी तिच्यासोबत डॅनिशमध्ये अडखळत वाचली. तिच्यातल्या काही जागा इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चौथ्या भागात गेर्डाला एक कावळा भेटतो. माणसांच्या भाषेत बोलणे त्याला जड जाते, म्हणून तो विचारतो की तुला कावळ्यांची भाषा येते का. गेर्डा म्हणते, मला नाही येत, पण माझ्या आजीला यायची आणि तिला ‘प’ची भाषाही यायची, मी शिकून घेतली असती तर बरे झाले असते. प्रत्येक शब्दात ‘प’ घुसवून बोलायची ही डॅनिश मुलांची गुप्त भाषा आहे. आपण मैत्रिणी ‘च’च्या भाषेत बोलायचो, तशीच. मी हे वाक्य वाचून थांबले आणि मुलीला ‘च’ची भाषा शिकवायला बसले. सांगायचे ते हे, की आजी ही या गोष्टीचा कणा आहे. हिमकणांना ‘पांढऱ्या मधमाश्या’ म्हणणारी तीच, त्यांचीही राणी असते हे सांगणारी तीच आणि शेवटी मुले परततात तेव्हा उन्हात बसून बायबल वाचणारीही तीच. चित्रपटात आजी नाही. आई-वडील आहेत तेही लवकर बुडून जातात. एल्सा आणि आना यांना कुणी गोष्टच सांगितलेली नाही, हे मला त्यांचे सर्वांत मोठे दारिद्र्य वाटते.

दुसरा मुद्दा धर्माचा. गेर्डा हिमराणीच्या सैन्यासमोर प्रार्थना म्हणते, तेव्हा थंडीत तिच्या श्वासाची वाफ होते आणि त्या वाफेतून छोटे छोटे देवदूत आकार घेतात. काईच्या काळजातला बर्फ तिच्या आसवांनी वितळतो, पण डोळ्यातला कण बाहेर पडतो तो ती गुलाबांचे आणि बाळ येशूचे स्तोत्र म्हणते त्यानंतर, ते ऐकून काईला रडू फुटते तेव्हा. हे काढून टाकले तर गोष्टीची गाठच सुटते. ‘फ्रोझन’ ज्या समूहगानाने सुरू होतो ते फ्रोडे फ्येल्हेम या दक्षिण सामी वंशाच्या नॉर्वेजियन संगीतकाराचे आहे (सामी म्हणजे उत्तर स्कँडिनेव्हियातले मूळनिवासी). त्याच्या मूळ रचनेत सामी लोकांची ‘योइक’ ही गायनपद्धती आणि एक डॅनिश स्तोत्र एकत्र गुंफलेले होते. त्या स्तोत्राचे शब्द लिहिणारा बी. एस. इंगेमान हा अँडरसनचा जिवलग मित्र होता. चित्रपटाच्या आरंभी ऐकू येतात ते केवळ सूर, स्तोत्राचे शब्द नाहीत. तरीही अँडरसनच्या घरातले काही तरी त्या चित्रपटाच्या उंबरठ्यावर उभे आहे, असे मला तो सूर ऐकताना दरवेळी वाटते.

सामींचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. अँडरसनने वापरलेला ‘लॅप’ हा शब्द आज इथे अपमानास्पद मानला जातो, ते लोक स्वतःला सामी म्हणवतात. पहिल्या चित्रपटावर सामी संस्कृतीच्या खुणा उचलल्याबद्दल टीका झाली आणि २०१९ सालच्या दुसऱ्या भागाच्या वेळी डिस्नेने सामी प्रतिनिधी संस्थांशी लेखी करार केला. तो भाग उत्तर सामी भाषेतही प्रदर्शित झाला. मूळ गोष्टीत सुक्या माशावर निरोप लिहून देणारी सामी बाई दोन परिच्छेदांत येते आणि जाते, पण तिचे काम फार मोठे आहे आणि गोष्ट तिला मान देते.

मृगशीर्ष

पाणपोई, तुमच्या भाचीच्या त्या एका शब्दाने मला दोन दिवस अस्वस्थ केले. तुमचा मुद्दा मी पूर्ण मान्य करते. अँडरसनच्या चौकटीत प्रेमातून इजा होण्याला जागाच नाही, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

फक्त एका गोष्टीत दुरुस्ती सुचवते. हिमराणीला मन दिले नाही हे खरे, पण ती लेखकाच्या आयुष्यातून आलेली आहे. अँडरसन डेन्मार्कमधल्या ओडेन्से येथे चांभारकाम करणाऱ्या गरीब माणसाचा मुलगा. तो अकरा वर्षांचा असताना, १८१६ साली, त्याचे वडील वारले. त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे, की आदल्या हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर हिमाची नक्षी गोठली होती आणि तिच्यात हात पसरलेल्या स्त्रीसारखी आकृती दिसत होती. ती मला न्यायला आली आहे, असे वडील तेव्हा थट्टेने म्हणाले होते. वडील गेले, तेव्हा आईला त्याची आठवण झाली आणि हिमकुमारीने त्यांना नेले, असे ती म्हणाली. हे वाचल्यावर मला ते तापवलेले तांब्याचे नाणे आठवले. ज्या काचेतून मरण आत डोकावले होते त्याच काचेला त्याने गोष्टीत उबेचे भोक पाडले. हिमराणीला मन नाही, कारण मरणाला मन नसते. त्याच्याशी भांडता येत नाही, म्हणून गेर्डा तिच्याशी लढतही नाही. चित्रपटाला मात्र हिमराणीला माणूस करायचे होते आणि माणूस केल्यावर तिला मरण राहता येईना.

जुनेपान

चर्चेत १९५७ सालच्या सोव्हिएत चित्रपटाचा उल्लेख यायलाच हवा. लेव्ह अतामानोव्ह यांनी सोयुझमुल्तफिल्म या मॉस्कोतल्या चित्रसंस्थेसाठी तो केला. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी ज्या थोड्या चित्रपटांमुळे आपण अ‍ॅनिमेशनमध्ये टिकून राहिलो असे सांगितले, त्यांतला हा एक आहे आणि २००७ साली त्यांच्याच घिबली स्टुडिओने तो जपानमध्ये पुन्हा प्रदर्शित केला. तुम्ही मांडलेल्या प्रश्नाचे त्यात तिसरेच उत्तर आहे. तिथे सैतान नाही. हिमराणी आली तर तिला चुलीवर ठेवून वितळवीन, अशी बढाई काई मारतो, दूर बसलेली राणी ते आपल्या आरशात पाहते, संतापाने आरसा फोडते आणि त्याचे तुकडे मुलांवर सोडते. म्हणजे गारठा सत्ताधीशाच्या दुखावलेल्या अहंकारातून येतो. १९५७ साली सोव्हिएत रशियात हे उत्तर सुचावे, यात मला नवल वाटत नाही. प्रार्थना आणि देवदूत त्यातही नाहीत, पण गेर्डाचे चालणे पूर्ण ठेवले आहे. दरोडेखोराची मुलगी रेनडिअरला सोडून देते आणि मग एकटी बसून रडते, तो प्रसंग कुणीही चुकवू नये.

गोष्टीतला एक तपशील भारतीय वाचकाला विशेष टोचतो. जादूच्या बागेत गेर्डा प्रत्येक फुलाला काईचा पत्ता विचारते आणि प्रत्येक फूल स्वतःचीच गोष्ट सांगत बसते. अग्निलिली तिला ढोलांचा आवाज ऐकवते आणि लाल वस्त्रात नवऱ्याच्या चितेवर उभी असलेली हिंदू स्त्री दाखवते. ज्वाळा वेढत असताना त्या स्त्रीचे मन मात्र गर्दीतल्या एका जिवंत माणसापाशी असते, ज्याच्या डोळ्यांतली आग तिला चितेहून अधिक जाळते. बंगाल इलाख्यात सतीबंदीचा कायदा १८२९ साली झाला, त्यानंतर पंधरा वर्षांनी डेन्मार्कमधल्या मुलांच्या गोष्टीत हे फूल उमलले. गेर्डा ऐकून म्हणते, मला यातले काही कळले नाही. लिली म्हणते, ही माझी गोष्ट आहे. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला राग आला होता. आपल्या बायकांचे जळणे तिथे एक शोभेचे चित्र झाले आहे, हे मला आजही खटकते. तरीही त्या बाईच्या मनात काय चालले असेल असा विचार अँडरसनने केला, हे नाकारता येत नाही.

एका बाबतीत मात्र मूळ गोष्ट चित्रपटाच्या फार पुढे आहे. ‘फ्रोझन’चे कौतुक दोन बहिणींचा चित्रपट म्हणून झाले आणि जेनिफर ली या डिस्नेच्या त्या चित्रसंस्थेत पूर्ण लांबीचा चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, याचा आनंदच आहे. परंतु गोष्टीत आजी, बागेतली म्हातारी, राजकन्या, दरोडेखोराची मुलगी आणि तिची आई, सामी बाई, फिन बाई आणि स्वतः हिमराणी अशा स्त्रियांची रांगच्या रांग आहे. त्या चांगल्या-वाईट, हट्टी, कनवाळू, दाढीवाल्या, सुरी घेऊन झोपणाऱ्या अशा सगळ्या प्रकारच्या आहेत. चित्रपटात दोघी बहिणींभोवती जवळपास सारे पुरुषच आहेत.

चौकट

जुनेपान यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी सहमत आहे. फिन बाईविषयी एक जोड देतो. तिला सामी बाईचा निरोप मिळतो तो सुक्या माशावर लिहिलेला. ती तो तीनदा वाचते, पाठ करते आणि मग मासा रश्श्यात टाकून देते, कारण तो खाण्याजोगा होता आणि ती काहीही वाया घालवत नसे. एवढ्या एका कृतीने ते घर, ती गरिबी आणि ती बाई डोळ्यांसमोर उभी राहते. आमच्याकडे असे दृश्य पटकथेत आले तर कथेला गरज नाही म्हणून पहिल्या बैठकीतच कापले जाते. मी स्वतः अशी दृश्ये कापणाऱ्या बैठकींना बसलो आहे आणि गप्प राहिलो आहे, याची आज खंत वाटते.

पाणपोई

धागा वाचून मी रविवारी भाचीला ‘हिमराणी’ वाचून दाखवली. ती आता अकरा वर्षांची आहे, आखूड बाह्यांचा शर्ट घालते आणि ‘फ्रोझन’ लहान मुलांचा आहे असे म्हणते. सातवा भाग तिने अगदी निश्चल बसून ऐकला. शंभराहून अधिक रिकामी दालने, उत्तरध्रुवीय प्रकाशात उजळलेली. मध्ये गोठलेले, हजार तुकडे झालेले तळे. त्या तुकड्यांतून काईला ‘अनंतकाळ’ हा शब्द जुळवायचा आहे. तो जुळला तर तो स्वतःचा धनी होईल आणि राणी त्याला सारे जग आणि बर्फावर घसरायच्या बुटांचा नवा जोड देईल. राणी स्वतः त्या दिवशी तिथे नाहीच. ती एटना आणि व्हेसुव्हियस या ज्वालामुखींच्या काळ्या शेंड्यांना थोडे पांढरे करायला दक्षिणेकडे गेली आहे. गेर्डा येते, रडते, गाते, बर्फाचे तुकडे आनंदाने नाचू लागतात, दमून आडवे होतात आणि नेमका तो शब्द तयार होतो. दोघे हातात हात घालून निघून जातात.

मी पुस्तक मिटणार, एवढ्यात भाचीने हात ठेवून पान अडवले आणि विचारले, “मग राणी घरी आली तेव्हा?”

मी तिला पुन्हा ती ओळ वाचून दाखवली. राणी आता खुशाल परत येवो, काईच्या सुटकेचा कागद तिथे चकाकत्या बर्फात लिहिलेला होता. तेवढेच आहे, पुढे काही नाही.

“म्हणजे ती एकटीच आली,” भाची म्हणाली, “आणि तो शब्द वाचत उभी राहिली.”

मृगशीर्ष, त्या रात्री आम्ही दोघींनी पाच वर्षांनी पुन्हा ‘फ्रोझन’ लावला आणि या वेळी ती बहिणींकडे पाहतच नव्हती. एल्सा एकटी डोंगर चढते त्या गाण्याच्या पहिल्या चार ओळींशी तिने चित्रपट थांबवला आणि म्हणाली, “हे बघ, व्हेसुव्हियसहून परत आली.”